शून्याखालची विहीर

सोळा सालच्या फेब्रुवारीत, सगळा मराठवाडा भेगाळून पडलेला असताना, केवडगव्हाणची विहीर एका रात्रीत काठोकाठ भरली. गावात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. तालुक्याच्या कचेरीतल्या संगणकाला तेवढी ठाऊक होती.

गावाला कळलं ते एप्रिल लागल्यावर. सरपंच सरजाबाईंना कचेरीत बोलावून शाल, नारळ आणि 'आदर्श विहीर' असं छापलेलं प्रमाणपत्र देण्यात आलं. सरजाबाईंचे मालक हयात नव्हते, त्यामुळे सरपंचकी त्यांना स्वतःलाच करावी लागे. तालुक्यातल्या बाकीच्या बाई-सरपंच त्यांच्याकडे जराशा कीवेनं बघत. सरजाबाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि पिशवीतून टँकरचा अर्ज काढून त्याच टेबलावर ठेवला.

नायब तहसीलदार शिवमूर्ती हे देगलूरकडचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. घरी चहा मागायचा झाला तरी ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' मागत असावेत, असं लोक म्हणत. त्यांनी अर्ज वाचला, मग प्रमाणपत्र वाचलं, मग पुन्हा अर्ज वाचला.

"विहिरीत पंधरा मीटर पाणी आहे, बाई."

"तिच्यात बेंडूक सुदीक न्हाई, साहेब."

"यंत्र रोज आकडा पाठवतंय."

"यंत्र वरी खांबावर हाय. त्येला काय तहान लागती व्हय?"

शिवमूर्तींनी या मुद्द्यावर थोडा वेळ विचार केला आणि तो कुठल्याच रकान्यात बसत नाही असं पाहून सोडून दिला. "शिवाय," ते म्हणाले, "तुमचं गाव नव्या जिल्ह्याच्या यादीत आहे. त्या गावांच्या टँकरच्या फायली तिकडं वर्ग झाल्यात."

"कुठं हाय नवा जिल्हा?"

"अजून झालेला नाही."

"मंग फायली कुठं हायती?"

"वर्ग झालेल्या आहेत," शिवमूर्ती शांतपणे म्हणाले.

नव्या जिल्ह्याचं असं होतं की तो व्हायचा तेवढा राहिला होता, बाकी सगळं झालं होतं. तालुक्याच्या गावात कटिंगच्या दुकानावर 'जिल्हा हेअर ड्रेसर्स' अशी पाटी लागली होती. हॉटेलवाल्यानं चहाच्या कपाचा आकार जिल्ह्याला शोभेल इतका लहान केला होता. एसटीचे कंडक्टर 'चला, जिल्हा, जिल्हा' असं ओरडून त्याच जुन्या स्टँडावर लोकांना उतरवत. उन्हानं माणसाला झापड यावी आणि झापडेत नसलेलं गाव दिसावं, तसा तो जिल्हा सगळ्यांना दिसत होता.

सरजाबाई परत आल्या, नारळ फोडून त्याचं पाणी घरातल्या म्हाताऱ्या सासूला दिलं, आणि लातूरला भाचीला फोन लावला.

भाचीचं नाव पंचशीला. नणंदेची, म्हणजे चांगुणाबाईची, ही मुलगी पुण्यात बारा वर्षं एका कंपनीत नोकरीला होती. कंपनी बंद पडल्यावर ती लातूरला आली आणि गंजगोलाईजवळ करीमचाचांच्या दुकानात एक टेबल मांडून बसली. करीमचाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग लोकांनी टीव्ही उघडणं सोडलं. आता दुकानात यायच्या त्या फक्त हिरव्या पट्ट्या, ज्यांच्यावर नखाएवढ्या काळ्या चिपा बसवलेल्या असतात. पिठाच्या गिरणीतल्या, डाळ मिलच्या काट्यातल्या, बोअरच्या स्टार्टरमधल्या. त्या चिपांत प्रोग्राम चढवणं आणि चढवलेला कुठं अडला ते शोधणं, हे पंचशीलाचं काम.

"पहले लोगां आवाज दुरुस्त कराने आते थे," करीमचाचा म्हणायचे. "अब आकडा दुरुस्त कराने आते. दोनो में खरखर वोच."

फोन झाल्यावर पंचशीलानं हातातली हिरवी पट्टी टेबलावर पालथी ठेवली. त्या दिवसांत लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. रस्त्यानं घागरी, कॅन, पिंपं यांचीच वरात चाललेली.

"क्या हुआ बेटा? कौन था?"

"मामी. विहिरीवरचं यंत्र बिघडलंय म्हणते."

"तो जाके आ. तेरे कंपनी का यंत्र?"

"हो," पंचशीला म्हणाली.

ती एवढंच म्हणाली. यंत्र कंपनीचं होतं हे खरं, पण त्याच्या पोटातला प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता, हे तिनं चाचांनाही सांगितलं नाही आणि मामीलाही नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, विशेषतः स्वतःचं.

निघताना चाचांनी तिच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. "रेल का पानी है. बिनातिकीट आया, लेकिन बहोत दूर से आया. संभालके पी."

लातूरहून बस निघाली तेव्हा दहा वाजले होते. खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या दारातून आल्यासारखा होता. दोन्ही बाजूंनी रानं पालथी पडलेली, आभाळ पांढरं, मधे मधे एखादं बाभळीचं झाड स्वतःच्याच सावलीवर उभं. पंचशीलाला डुलकी लागली. डुलकीत तिला केवडगव्हाणची विहीर दिसली, काठोकाठ. पाण्यात आकडे पोहत होते. लहान आकडे काठाशी, मोठे खोलात, आणि सगळ्यात तळाशी एक आकडा पाठ करून बसलेला, काही केल्या तोंड दाखवीना. ती त्याला हाक मारणार, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "नायगाव, नायगाव." नायगाव मागे पडलं. पुढे 'जिल्हा' आला, तिथं बस बदलली, आणि दीड वाजता ती केवडगव्हाणच्या फाट्यावर उतरली.

विहिरीभोवती घागरी रांगेत उभ्या होत्या. माणसं नव्हती. कोण किती वेळ उन्हात थांबणार, म्हणून आपापली घागर, तांब्या, फुटका डबा, ज्याच्या त्याच्या जागी ठेवून लोक घरी सावलीला गेले होते. एका जागी नुसता दगड होता. त्याच्या मालकाची घागर गळत होती. ही रांग तीन दिवसांपासून होती आणि तशीच होती, कारण तीन दिवसांत कुणाचाच नंबर आला नव्हता.

खांबावर पिवळी पेटी होती. वर सौरपाटी, खाली जाड काळी वायर, ती थेट विहिरीच्या तळापर्यंत गेलेली. वायरीच्या टोकाला संवेदक बसवलेला. डोक्यावर किती पाणी आहे ते त्याला भारावरून कळतं. पेटीला हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"म्या," लिंबाखालून आवाज आला.

हा व्यंकटी, गावचा पाणीवाला. नळाची किल्ली त्याच्या कमरेला होती. नळाला पाणी नव्हतं तरी किल्ली होती. गावात येणारं एकुलतं एक वर्तमानपत्र तो मथळ्यापासून निविदांपर्यंत वाचून काढी आणि त्यानंतर गावाला वाचायला देई.

"ईलेक्ट्रिकची वस्तू हाय," तो म्हणाला. "म्हनलं, आपल्याकडून कमी नको पडायला."

सरजाबाई डोईवरचा पदर सावरत आल्या. "आलीस व्हय पंचे? जेवून घे आधी."

"आधी हे बघते, मामी."

"बघ माय. आमी तर लई बघून राहिलो. खाली बघितलं की दगडं, वरी बघितलं की यंत्र."

पंचशीलानं पेटी उघडली. हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात चार पिना होत्या, मुंगीच्या पायाएवढ्या. बाहेरून बघणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. पण चिपेशी थेट बोलायचं ते याच दारानं. पिशवीतून तिनं बोटाएवढा प्रोब काढला, त्याच्या चार वायरी चार पिनांना लावल्या, दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं आणि लिंबाच्या मुळावर बसली.

"ह्या चार वायरीनं काय व्हतंय?" व्यंकटीनं विचारलं.

"चिपेला मधेच थांबवता येतं. कुठं आहेस, हातात काय आहे, असं विचारता येतं. मग एक पाऊल टाक म्हणायचं, ती एकच पाऊल टाकते."

"म्हंजी पोलीस चौकशीवानी."

"तसंच. फक्त ही खोटं बोलत नाही."

"मंग पोलीस न्हाई," व्यंकटी म्हणाला.

आधी एक काम होतं. असल्या प्रत्येक चिपेत एक राखण्या बसवलेला असतो. प्रोग्रामनं त्याला दर काही क्षणांनी 'मी जागा आहे' असं कळवायचं. नाही कळवलं तर राखण्या सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करतो. सरकारी कचेऱ्यांत अशी सोय अजून आलेली नाही. पंचशीलानं राखण्याला सांगितलं, मी चिप थांबवीन तेव्हा तूही डोळे मीट. त्यानं डोळे मिटले. मग तिनं बटण दाबलं, आणि चिप थांबली.

ही थांबायची घटका पंचशीलाला पहिल्यापासून आवडायची. चिपेच्या एका सेकंदात ऐंशी लाख टिचक्या असतात. त्यांतली एकच निवडून तिथं तिला धरून ठेवायचं. चिपेला कळतही नाही. तिच्या लेखी पुढची टिचकी लगेच येणार असते. ती तासानं आली काय, वर्षानं आली काय. दुपारचे दोन वाजले होते. लिंबाचं पान हलत नव्हतं. घागरी आपापल्या जागी होत्या, विहिरीच्या कठड्यावरचा कावळा चोच उघडी ठेवून होता, आणि व्यंकटी विडीची काडी हातात धरून पेटवायची विसरला होता. पंचशीलाला वाटलं, आपण चुकून सगळं गावच थांबवलं. बहुतेक ते आधीच थांबलेलं होतं, आणि चिप तेवढी उरली होती.

तिनं एक पाऊल पुढं टाकलं. कावळ्यानं चोच मिटली.

दुसरं पाऊल. चिपेनं तळातल्या संवेदकाला विचारलं, किती? उत्तर आलं: चार. चार सेंटिमीटर. चिखलाचा ओलावा.

"चार म्हणतेय," पंचशीला म्हणाली.

"बरुबर हाय की मंग," सरजाबाई म्हणाल्या. "त्येच म्हनून राहिले मी दोन महिने."

"थांब मामी. अजून पाठवलं नाही तिनं."

तिसरं पाऊल. चिपेनं आपल्या आठवणीतून शून्य काढलं. शून्य म्हणजे विहीर कोरडी असताना संवेदक जो आकडा देतो तो. यंत्र बसवताना एक बटण दाबून तो एकदाच शिकवायचा असतो. नीट बसवलेल्या यंत्रात तिथं शून्य नाहीतर एक असायला हवा. इथं होता एकशे त्र्याऐंशी.

पंचशीलानं आकडा दोनदा वाचला. एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर म्हणजे सहा फूट.

चौथं पाऊल. चिपेनं चारातून एकशे त्र्याऐंशी वजा केले, आणि उत्तर आलं: पासष्ट हजार तीनशे सत्तावन्न.

लिंबाखाली एकदम गार वाटलं. पंचशीलाला तो आकडा ओळखीचा वाटला, बसमध्ये पाठ करून बसला होता तो. त्यानं तोंड फिरवलं होतं आणि तोंड तिचंच होतं.

कारण नऊ वर्षांपूर्वी, पुण्यातल्या गार खोलीत बसून, तिनंच ठरवलं होतं की पाण्याच्या आकड्याला वजा चिन्ह लागणार नाही. पाणी असेल किंवा नसेल. 'नसेल'च्या खाली काय असणार? म्हणून तिनं बिनवजेचा आकडा घेतला. आणि बिनवजेचा आकडा स्कूटरच्या किलोमीटरच्या चाकासारखा असतो. शून्यावर असताना मागं फिरवला की शून्याखाली जात नाही, सगळे नऊ दाखवतो. पाचवं पाऊल टाकल्यावर चिपेनं पाहिलं की एवढं पाणी पंधरा मीटरच्या विहिरीत मावत नाही, म्हणून तिनं समजूतदारपणे ते पंधरा मीटरवर आणलं आणि कचेरीत पाठवायला बाजूला ठेवलं. विहीर काठोकाठ.

"चूक माझी आहे, मामी," पंचशीला म्हणाली. "हा प्रोग्राम मी लिहिला. विहीर शून्याच्या खाली जाईल, हे माझ्या मनातच आलं नाही."

सरजाबाईंनी वाकून विहिरीत पाहिलं. "शून्याच्या खाली कशी जाईल गं विहीर? खाली तर दगडं हायती."

"तेच. पण हिला सहा फूट पाण्यावर शून्य शिकवलंय. ते बटण कुणी दाबलं?"

व्यंकटीनं विडी पेटवली. दोन झुरके घेतले.

"त्या इंजिनियरनं दाबलं," तो म्हणाला. "पन म्या सांगितलं म्हनून."

"पाणी होतं ना तेव्हा?"

"हुतं सहा फूट. पन ते मृतसाठा हुतं."

"काय होतं?"

"मृतसाठा," व्यंकटी म्हणाला. अडाण्याला समजावतात त्या सुरात. "रोज पेपरात येतंय. धरणात पानी दिसतंय, पन सरकार म्हनतंय साठा शून्य. का? तर खालचं पानी मृतसाठा. ते धरायचं नसतंय. एवढ्या मोठ्या मोठ्या धरनांना मृतसाठा हाय, म्हनलं आपल्या हिरीला का नसावा? आपली हीर काय अशी-तशी हाय? मंग म्या पंचांना इचारून खालचं सहा फूट मृत धरलं. इंजिनियर म्हनला, पानी तर दिसून राहिलंय. म्या म्हनलं, दिसतंय, पन ते न्हाई. त्येला पटलं. जेवनबी चांगलं झालतं."

"आणि मग ते मृत पाणी?"

"पिलो की. ह्या साली काय करावं मंग?"

पंचशीलाला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडलं. रांगेत पहिल्या नंबरला मामीचीच कळशी होती, आणि तिच्या तळाशी धूळ होती.

"दुरुस्त होईल," ती म्हणाली. "आकडा चार जाईल. संध्याकाळी पाचला पाठवते ना ही?"

"ऐक ना पोरी," व्यंकटी जवळ सरकला. "पंधरा मीटरवरून एकदम चार नगं. साहेब दचकतील. तुझ्या वायरीनं पायजे तो आकडा लिवता येतो का?"

"येतो."

"मंग रोज एकेक मीटर उतरव. लोकाला वाटंल, पिऊन राहिलेत. पंधरा दिसात हीर कायद्यानं रिकामी."

आकडा लिहिता येतो हे खरं होतं. चिप थांबलेली होती. तिच्या हातातला पंधराशे काढून चौदाशे ठेवला असता तर तिला कळलंही नसतं. पंचशीलाचं बोट कीबोर्डवर गेलं. मग ते तिथंच राहिलं.

"पंधरा दिवस काय पिणार, मामा?"

व्यंकटीनं विचार केला. "त्येचा इचार केला न्हवता."

"आणि एकदा मी पाण्याचं नीट न बघता लिहिलंच आहे. दुसऱ्यांदा नाही लिहीत." ती मामीकडे वळली. "खरा आकडा पाठवते. काही विचारलं तर माझं नाव सांग."

"तुझं कशाला? अर्जावर सही माझी हाय," सरजाबाई म्हणाल्या. "पाठव."

तिनं प्रोग्रामात वजा चिन्हाला जागा दिली, जुना पुसून नवा त्याच चार वायरींनी चढवला, आणि शून्य विहिरीच्या खऱ्या तळावर नेऊन ठेवलं. पाच वाजता पेटीतला दिवा एकदा लुकलुकला. केवडगव्हाणची विहीर तालुक्याच्या कचेरीत एका क्षणात रिकामी झाली. गावात त्याचा काहीच आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीप आली. शिवमूर्ती उतरले, काखेत कोऱ्या पंचनाम्याचे कागद.

"पंधरा मीटर पाणी," ते विहिरीशी येऊन म्हणाले. "परवा होतं. काल पाचनंतर नाही. कोणी नेलं?"

"साहेब, नव्हतंच ते," सरजाबाई म्हणाल्या.

"नोंद आहे, बाई. दोन महिन्यांची नोंद आहे." त्यांनी कठड्यावरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कचेरीतून कधीच दिसली नव्हती ती गोष्ट आता समोर होती: तळाचे दगड, दगडांवर ओल, ओलीत एक मरतुकडं कमळाचं पान. ते मागे झाले आणि रुमालानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पंचशीलानं त्यांना लिंबाखाली बसवलं. करीमचाचांच्या बाटलीत दोन घोट उरले होते ते दिले. मग जुना प्रोग्राम जुन्या शून्यासकट पुन्हा चढवून, चिप थांबवून, एकेक पाऊल दाखवलं. चार. एकशे त्र्याऐंशी. पासष्ट हजार तीनशे सत्तावन्न. पंधराशे. शिवमूर्ती प्रत्येक आकड्याला मान हलवत होते.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले. तिनं दाखवलं, आणि नवा प्रोग्राम परत चढवून ठेवला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "रिकाम्याच्या खाली गेलं की हिला भरलेलं दिसतं."

"हो. चूक माझी आहे. तसं लिहून देते."

"ते लिहू नका." शिवमूर्तींनी लॅपटॉपचं झाकण अदबीनं अर्धं मिटलं. "यंत्र चुकलं असं मी लिहिलं, तर या तालुक्यातली चाळीस यंत्रं चुकलेली ठरतात. चाळीस यंत्रांचे आकडे वर गेलेत. वरून आणखी वर गेलेत. ते आकडे आता खाली येणं शक्य नाही. एवढ्या वर गेलेली वस्तू पडली तर माणसं दगावतील."

"मग टँकर?"

"टँकरची फाईल नव्या जिल्ह्यात आहे."

"जो न्हाई," सरजाबाई म्हणाल्या.

"जो नाही," शिवमूर्तींनी मान्य केलं.

दुपार चढत होती. जीपचा ड्रायव्हर आत झोपला होता. दूर कुठंतरी एक शेळी ओरडली आणि तिलाही त्याचा कंटाळा आला. शिवमूर्ती कोऱ्या कागदाकडे बघत होते. आपणही कुठल्याशा पावलावर थांबवले गेलो आहोत, आणि कोणीतरी बटण दाबायची वाट आहे, असं त्यांचं दिसणं होतं. पंचशीलानं त्यांना हाक मारली नाही.

"चोरीच्या चौकशा मात्र," शिवमूर्ती खूप वेळानं म्हणाले, "वर्ग झालेल्या नाहीत."

सरजाबाईंनी पदर कानामागं सारला.

"चोरी जुन्या जिल्ह्याकडंच आहे. माझ्याकडं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पंधरा मीटर पाणी चोरीला गेलं. किती लिटर? विहीर गोल नाही, खाली अरुंद आहे, एका बाजूला ढासळलेली आहे. फुटपट्टीनं सांगता येणार नाही. चोरीचा मुद्देमाल किती ते ठरल्याशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही. ते ठरवायचं तर विहीर मूळच्या पातळीपर्यंत भरून मोजावी लागेल." त्यांनी लिहायला सुरुवात केली. "मोजणीसाठी टँकर. चौकशीच्या शीर्षाखाली. रोज पाच."

व्यंकटी उठून उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी पेपर वाचता का?"

"नाही," शिवमूर्ती म्हणाले. "मी पंचनामे लिहितो."

तिसऱ्या दिवशी पहिला टँकर आला. धरणातून भरून आणला होता. धरणात मृतसाठाच उरलेला, म्हणजे सरकारच्या लेखी तो टँकर रिकामाच आला. पाइप कठड्यावर ठेवला, आणि पाणी खाली पडल्याचा आवाज विहिरीतून असा वर आला की बाया घरातून हातातलं टाकून बाहेर आल्या. घागरी रांगेतच होत्या, रांग लावावी लागली नाही. टँकर ओतत होता आणि बाया ओढत होत्या.

पंचशीलाला शिवमूर्तींनी 'तज्ज्ञ' म्हणून लिहून घेतलं होतं. तिनं सांगितल्याप्रमाणे पातळी नोंदवायची. ती लिंबाखाली बसून पडद्यावर आकडा बघत होती. चार. नऊ. एकवीस. चाळीस. मग अडतीस, पस्तीस. पुन्हा टँकर आला की साठ, सत्तर, आणि बायांचे हात भरात आले की चोपन्न. आकडा वर-खाली होत होता. झोपलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवावा तसा. तिला तिथंच पुन्हा पेंग येऊ लागली. मधेच डोळे उघडून ती आकडा वाचून दाखवी आणि व्यंकटी तो कागदावर टिपे.

"किती झालं?" शिवमूर्तींनी चौथ्या दिवशी येऊन विचारलं.

"सकाळी शहाण्णव होतं. आता एकेचाळीस."

"पंधराशे व्हायचेत," शिवमूर्ती म्हणाले. त्यांनी लिहिलं: मोजणी अपूर्ण.

पाचव्या दिवशीही अपूर्ण. दहाव्या दिवशीही. दोन शेजारच्या गावांच्या सरपंचांनी कचेरीत जाऊन आपल्याही विहिरी चोरीला गेल्याचं सांगितलं, आणि शिवमूर्तींनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. चोरांची टोळी मोठी असावी, असा त्यांनी शेरा मारून ठेवला. पंचशीला त्या दोन गावांना जाऊन यंत्रं उघडून आली.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी शिवमूर्ती विहिरीवर आले तेव्हा त्या दिवसाचा चौथा टँकर नुकताच ओतून गेला होता. ऊन कडक होतं. पाण्यावर लिंबाची पानं पडली होती आणि गोल फिरत होती. सरजाबाई पोहऱ्यानं कळशी भरत होत्या.

"साहेब, चोर घावला का?"

"तपास चालू आहे, बाई."

"घावला तर तपास बंद व्हईल का?"

"नियमानं बंद करावा लागतो."

"मंग हळूहळू हुडका," सरजाबाई म्हणाल्या. "घाई कशाला? ऊन हाय." त्यांनी तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. "घ्या. घोटभर घ्या."

शिवमूर्तींनी तांब्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि आजूबाजूला कुणी पंच नाही याची खात्री करून घेतली. मग तांब्या तोंडाला न लावता, वरून धार धरून, सगळा रिकामा केला. पडद्यावर आकडा एकाहत्तरचा सत्तर झाला. पंचशीलानं तो पाहिला आणि वाचून दाखवला नाही.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, लिंबाला टेकून बसले, मांडीवर कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: समक्ष पाहणी केली. चोरी अद्याप चालू आहे. संशयित अज्ञात.